घरापर्यंतची वाट : आधी पाणी, मग खडी

गावापर्यंत डांबरी रस्ता आला, घरोघरी वीज पोहोचली, नळाचे पाणीही आले. तथापि सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे यांसारख्या तालुक्यांत अनेक घरे मुख्य रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आत, कुळागराच्या अथवा काजूच्या बागेच्या पलीकडे वसलेली आहेत. रस्ता संपतो तेथून अंगणापर्यंतचा हा अखेरचा तुकडा बहुधा मातीचाच असतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्याचे महत्त्व विशेष जाणवते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका डांबर संपते तेथे थांबते आणि रुग्णाला खुर्चीवर बसवून, चिखल तुडवीत तिच्यापर्यंत न्यावे लागते. गॅसचा सिलिंडर, सुपारीची पोती, घरदुरुस्तीचे चिरे अशी प्रत्येक वस्तू डोक्यावरून अथवा खांद्यावरून वाहावी लागते.

यावर सर्वत्र योजला जाणारा उपाय म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस चार-सहा ट्रक खडी मागवून ती वाटेवर पसरणे. वाट काही दिवस उत्तम दिसते. मग मृगाचा पाऊस कोसळतो. काही खडी चाकांखाली चिखलात रुतते, काही वाहून शेजारच्या शेतात जाते आणि गणेशचतुर्थीला पाहुणे येतात तेव्हा वाटेवर पूर्वीचेच खड्डे असतात. पुढील वर्षी पुन्हा तोच खर्च. अशा वेळी दोष खडीला दिला जातो. वास्तविक खडी पसरण्यापूर्वी जे काम व्हावयास हवे होते, ते झालेले नसते. पाण्याला बाहेर जाण्याचा मार्ग करून दिल्यावाचून पसरलेली खडी हा वाया गेलेला पैसा होय.

ही वाट कोणाची?

आपल्या देशात रस्त्यांचा विचार देशपातळीवर सुरू झाला तो १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीपासून. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे या समितीचे अध्यक्ष होते. पुढे १९४३ साली नागपूर येथे मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग व ग्राममार्ग अशी वर्गवारी ठरली. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली होता. १९६१ च्या डिसेंबरातील मुक्तीनंतर येथील रस्तेही याच पद्धतीने ओळखले जाऊ लागले. खाजगी जमिनीतून एखाद्याच घराकडे जाणारी वाट मात्र यांपैकी कोणत्याही वर्गात बसत नाही. तिची निगा राखणे हे बहुधा घरमालकाचेच काम ठरते. वाट अनेक घरांची असेल तर पंचायतीकडे रीतसर मागणी करता येते. परंतु एकट्यादुकट्या घराच्या बाबतीत काम स्वतःच करावयाचे असल्यामुळे ते शास्त्रशुद्ध कसे करावे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

पावसाचा हिशेब

गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. १५० मीटर लांब व ३ मीटर रुंद अशी एखादी वाट घेतली, तर तिचे क्षेत्रफळ ४५० चौरस मीटर होते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर केवळ या वाटेच्या अंगावर ४५,००० लिटर पाणी कोसळते. संपूर्ण वर्षाचा हिशेब केल्यास हा आकडा साडेतेरा लाख लिटरांवर जातो. शेजारच्या डोंगरउतारावरून, छपरावरून आणि अंगणातून येणारे पाणी यात धरलेले नाही. एवढ्या पाण्याला ठरवून दिलेला मार्ग नसेल, तर ते स्वतःचा मार्ग शोधते आणि तो मार्ग म्हणजे बहुधा वाटेचा मध्यभागच असतो.

रस्त्याच्या बांधणीतील पाण्याचे हे महत्त्व ओळखणाऱ्यांत जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६ ते १८३६) या स्कॉटिश गृहस्थाचे नाव अग्रभागी आहे. १८१६ साली इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या रस्त्यांची देखरेख त्याच्याकडे आली. रस्त्याच्या तळाशी मोठमोठे दगड रचले म्हणजे तो मजबूत होतो, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. मॅकॅडमचे प्रतिपादन निराळे होते. वाहनाचा भार अखेर खालची मातीच पेलते. ती कोरडी राहिली तर कितीही भार सोसते आणि भिजली की खचते, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीहून उंच असावा, दोन्ही अंगांना उतार असावा आणि वर लहान, टोकदार फोडलेल्या खडीचा दाबलेला थर असावा, असे त्याने ठरविले. हा थर म्हणजे मातीवर घातलेले छप्परच होय. अभियंते ज्याला ‘वॉटर बाउंड मॅकॅडम’ म्हणतात आणि आपण ज्याला खडीकरण म्हणतो, त्या पद्धतीला त्याचेच नाव चिकटले आहे.

पाया व उतार

कामाचा आरंभ वरची काळपट, पालापाचोळ्याची माती काढण्यापासून करावा. मुळे व कुजका पाला असलेला हा दहा-पंधरा सेंटिमीटरांचा थर ओला झाला की लिबलिबीत होतो आणि त्यावर टाकलेली खडी त्यात बुडते. ही माती सुपीक असल्याने ती कुळागरात अथवा परसात वापरावी. त्याखालची घट्ट तांबडी माती लागली की तिला आकार द्यावा.

हा आकार माशाच्या पाठीसारखा, म्हणजे मध्ये उंच व दोन्ही कडांना उतरता असावा. पुष्कळ पावसाच्या प्रदेशात खडीच्या किंवा मुरमाच्या रस्त्याला शंभरात चार एवढा आडवा उतार योग्य मानला जातो. ३ मीटर रुंदीच्या वाटेवर मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर दीड मीटर. म्हणजे मध्यभाग कडेपेक्षा ६ सेंटिमीटर उंच हवा. गवंड्याची पाणसळ व एक सरळ फळी घेतली की हा उतार तपासता येतो. उतार पायाच्या मातीलाच द्यावा, ही गोष्ट येथे ध्यानात घेणे इष्ट ठरेल. माती सपाट ठेवून केवळ वरच्या खडीला फुगवटा दिला, तर खडीतून झिरपलेले पाणी खाली तळ्यासारखे साचून राहते. वाट डोंगराच्या अंगाने जात असेल, तर एकाच बाजूला उतार देणेही चालते.

शेताच्या कडेची मऊ माती पाऊस नसतानाही दबते. अशा जागी माती व खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल नावाचे कापड अंथरण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. ते पाणी जाऊ देते, परंतु चिखल वर व खडी खाली जाऊ देत नाही.

गटार, मोरी आणि फरशी

वाटेच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून पाणी येते त्या बाजूला, गटार असलेच पाहिजे. त्याचा तळ वाटेच्या कडेपेक्षा निदान ३० सेंटिमीटर खोल असावा आणि त्याला सलग उतार असावा. गटार खणताना निघालेली माती कडेवर वरंब्यासारखी रचून ठेवण्याची चूक पुष्कळ ठिकाणी आढळून येते. त्या वरंब्यामुळे वाटेवरचे पाणी गटारात उतरूच शकत नाही आणि वाटच गटार बनते. कडेला वाढलेले गवत व साचलेली माती यांचाही हाच परिणाम होतो.

पाणी वाटेच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला न्यावयाचे असेल, तर नळ्याची मोरी घालावी. ३० सेंटिमीटरांहून अरुंद नळा सुपारीच्या झावळ्यांनी व पाचोळ्याने हमखास तुंबतो. नळ्यावर तेवढाच मातीचा दाबलेला थर असावा, अन्यथा भरलेल्या ट्रकाखाली तो फुटतो. जेथे व्हाळाचे पाणी केवळ मोठ्या सरीच्या वेळी वाटेवरून वाहते, तेथे मोरीऐवजी चिऱ्यांची अथवा काँक्रीटची खोलगट फरशी बांधणे अधिक सोयीचे असते.

खाजगी वाट सार्वजनिक रस्त्याला मिळते ते ठिकाण विशेष काळजीचे आहे. गाडी आत वळावी म्हणून रस्त्याकडेचे गटार खडीने भरून टाकले जाते. त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर पाणी तुंबते आणि डांबर उखडते. या ठिकाणी पंचायतीची किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याची संमती घेऊन पुरेशा व्यासाचा नळाच घालावयास हवा.

साहित्याची पारख

नदीतील गोटे दिसावयास सुंदर असतात, परंतु गोल असल्याने चाकाखाली घरंगळतात. फोडलेल्या खडीचे कोन एकमेकांत अडकतात. खालच्या थरासाठी ४० ते ६० मिलिमीटरांची काळ्या दगडाची खडी व पोकळ्या भरण्यापुरता मुरूम वापरावा. वरच्या थरासाठी २० मिलिमीटरांपासून भुकटीपर्यंत सर्व आकारांचे मिश्रण हवे. केवळ एकाच आकाराची स्वच्छ खडी कधीही घट्ट बसत नाही. मोठ्या खड्यांमधील पोकळी लहान खड्यांनी आणि त्यांच्यामधील पोकळी कचीने भरली गेली पाहिजे. थोडी चिकणमातीही लागते, कारण कोरड्या दिवसांत तीच खड्यांना धरून ठेवते. तिचे प्रमाण वाढले मात्र की वाट निसरडी होते.

गोव्यात सर्वत्र मिळणारा जांभा याबाबतीत मध्यम प्रतीचा आहे. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली मलबारातील या दगडाचे वर्णन करून त्याला विटेच्या लॅटिन नावावरून ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. खाणीत मऊ असणारा हा दगड उघड्या हवेत कठीण होत जातो, हे आपले चिरेकाढे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. त्याच्या कपच्या व मुरूम खालच्या थराला चांगला उपयोगी पडतो. वरच्या थरात एकटा वापरल्यास चाकांखाली त्याचा भुगा होतो, म्हणून वर काळ्या दगडाची खडी मिसळणे श्रेयस्कर.

मुरमात चिकणमाती किती, हे पाहण्याची रीत सोपी असून शाळेत विद्यार्थ्यांकडूनही करून घेता येण्याजोगी आहे. काचेची बाटली एकतृतीयांश मुरमाने भरावी, वर पाणी घालून जोराने हलवावी व स्थिर ठेवावी. खडे व रेती क्षणात तळाशी बसतात, गाळ काही वेळाने बसतो आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत तरंगत राहते. थरांची जाडी पट्टीने मोजली म्हणजे प्रमाण कळते. चिकणमातीचा थर रेती-खड्यांच्या थराशी बरोबरी करू लागला, तर तो मुरूम वाटेसाठी घेऊ नये.

किती खडी लागेल?

वरील १५० मीटरांच्या वाटेवर खालचा थर दाबून १० सेंटिमीटर व वरचा थर दाबून ५ सेंटिमीटर जाडीचा करावयाचा आहे, असे समजू. खालच्या थराचे घनफळ ४५ घनमीटर व वरच्याचे साडेबावीस घनमीटर होते. सुटे साहित्य दाबल्यावर बसते, म्हणून ते सुमारे सव्वा ते दीडपट मागवावे लागते. १.३ पट धरल्यास अनुक्रमे सुमारे ५९ व २९ घनमीटर साहित्य लागेल. एका खेपेत ६ घनमीटर येत असेल, तर खालच्या थराला १० व वरच्या थराला ५ खेपा होतील.

खेप किती घनमीटरांची, हे ट्रकवाल्याच्या शब्दावर न ठेवता हौद्याची लांबी, रुंदी व भरलेली उंची मोजून ठरवावे. व्यवहार ब्रासमध्ये होत असेल, तर १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर, हे लक्षात असावे.

पसरण्याची व दाबण्याची रीत

सर्व खेपा एकाच ठिकाणी ओतून मग घमेल्यांनी वाहण्यात मजुरी वाया जाते. उपरोक्त हिशेबाने खालच्या थरासाठी दर १५ मीटरांना एक व वरच्या थरासाठी दर ३० मीटरांना एक खेप पडली पाहिजे. तेवढ्या अंतरावर आधीच खुंट्या ठोकून ठेवाव्यात. मागचा फळका साखळीने थोडासाच उघडा ठेवून ट्रक हळूहळू पुढे नेल्यास एक खेप खुंटीपासून खुंटीपर्यंत सारखी पसरते आणि उरलेले काम फावड्या-दाताळ्यांनी लवकर उरकते. ढिगारा ओतून फावड्याने लोटल्यास मोठे खडे बाहेर घरंगळतात व भुकटी मध्ये राहते. अशी जागा पुढे प्रथम उखडते.

एका वेळी १० सेंटिमीटरांहून जाड थर दाबू नये. रूळ उपलब्ध नसेल आणि धुमसाने ठोकावयाचे असेल, तर थर याच्याही निम्मा ठेवावा. दाबण्याचे काम कडांपासून सुरू करून मध्याकडे न्यावे, म्हणजे माशाच्या पाठीचा आकार मोडत नाही. साहित्य किंचित ओलसर हवे. मुठीत दाबलेला मुरूम गोळा होऊन राहील, पण हाताला पाणी लागणार नाही, एवढी ओल योग्य होय. कोरडे खडे एकमेकांवर सरकून जागा घेत नाहीत आणि चिखल झालेले साहित्य दाबलेच जात नाही.

यावरून कामाचा हंगामही ठरतो. पावसाळा संपल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात मातीत ओल असते, परंतु चिखल नसतो. या दिवसांत खालचा थर घालून त्यावरून वाहने जाऊ द्यावीत, जेथे दबेल तेथे भर घालावी आणि काही आठवड्यांनी वरचा थर घालावा. मेच्या अखेरीस घाईने पसरलेल्या खडीला बसावयास अवधीच मिळत नाही.

चढाची वाट

शंभर मीटरांत आठ-दहा मीटरांहून अधिक चढ असेल, तर सुटी खडी तेथे टिकत नाही. चाके ती खाली लोटतात व पाणी वाहून नेते. अशा तुकड्यावर चाकांच्या रुंदीचे दोन काँक्रीटचे पट्टे किंवा उभ्या चिऱ्यांची फरसबंदी करणे अखेरीस स्वस्त पडते. त्याहून सौम्य चढावर वाटेच्या आडवे, थोडे तिरकस, उथळ पाट ठेवावेत. वरून धावत येणारे पाणी ते मध्येच अडवून कडेला काढून देतात. चढ जितका अधिक, तितके हे पाट जवळजवळ हवेत. शंभरात दहा चढ असेल तर साधारणपणे २५ मीटरांवर एक. ढासळणाऱ्या कडांवर वाळा लावावा. त्याची मुळे सरळ खोल जातात व माती धरून ठेवतात.

परवानगी व शेजारधर्म

दगड, जांभा व मुरूम ही गौण खनिजे आहेत. ती अधिकृत खाणीतूनच व वाहतुकीच्या परवान्यासह घ्यावीत. वाटेसाठी डोंगर कापणे किंवा सखल जमीन भरणे यांवर गोव्याच्या १९७४ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याने निर्बंध आहेत, तर झाडे तोडण्यास १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. वाट कोमुनिदादीच्या अथवा दुसऱ्याच्या जमिनीतून जात असेल, तर आधी लेखी संमती घ्यावी.

गटाराचे पाणी कोठे सोडावयाचे, हा प्रश्नही शेजाऱ्यांशी बोलूनच सोडवावा. वाटेचे पाणी शेजाऱ्याच्या भातशेताच्या मेरेवर अथवा विहिरीच्या काठी सोडले, तर पहिल्याच पावसात मेर फुटते, विहीर गढूळ होते आणि दोन घरांतील बोलणे बंद पडते. पाणी नैसर्गिक व्हाळात किंवा संमतीने कुळागराच्या पाटात न्यावे आणि गटाराच्या तोंडाशी दगड पसरून त्याचा वेग मोडावा.

वर्षभराची निगा

खडीची वाट एकदा केली की कायमची झाली, असे होत नाही. मे महिन्यात गटारे, मोऱ्या व कडांवरचे गवत साफ करावे. जूनमधील पहिल्या मोठ्या पावसात छत्री व कुदळ घेऊन वाटेवरून एक फेरी मारावी. पाणी कोठे अडते, कोठे वाटेवर चढते, हे त्या अर्ध्या तासात जेवढे कळते तेवढे उन्हाळ्यात कळत नाही. खड्डा पडल्यास त्यात सुटी खडी ओतू नये. आधी पाणी काढावे, कडा सरळ व तळ घट्ट लागेपर्यंत खणावे, मग ओलसर साहित्य थराथराने ठोकून भरावे आणि ते थोडे उंच ठेवावे. पावसाळ्यानंतर कडेला गेलेली खडी दाताळ्याने पुन्हा मध्ये ओढून घ्यावी.

सर्वच कामे एका वर्षी करण्याची ऐपत प्रत्येक कुटुंबाची नसते. तशी गरजही नाही. पहिल्या वर्षी गटार, मोरी व मातीचा उतार एवढेच केले, तरी वाट पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली राहते आणि यात खर्चापेक्षा श्रमच अधिक लागतात. दुसऱ्या वर्षी खालचा थर व तिसऱ्या वर्षी वरचा थर घालता येतो. एका वाटेवर दोन-तीन घरे असतील, तर त्यांनी खेपा एकत्र मागवून एकाच दिवशी रूळ आणावा. त्यामुळे प्रत्येकाचा खर्च कमी होतो. पंचायत सदस्य व शिक्षक यांनी नोव्हेंबरातील एखाद्या ग्रामसभेत हा हिशेब फळ्यावर मांडून दाखविल्यास, मेच्या अखेरीस होणारी खडीची व्यर्थ खरेदी पुष्कळ अंशी टळू शकेल.